असता तर दिसला असता का?

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. गढवालमधल्या चौखंबा-३ या जवळपास सात हजार मीटर उंचीच्या शिखरावर दोघी गिर्यारोहक चढत होत्या, एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन. सामानाची पिशवी दोरानं वर ओढत असताना वरून दगड आला, दोर कापला गेला आणि पिशवी खाली गेली ती गेलीच. तंबू त्या पिशवीत, स्टोव्ह त्या पिशवीत, बर्फावर चालायला लागणारी हत्यारंही त्यातच. दोघींनी मदतीचा निरोप पाठवला आणि त्या कड्यावरच अडकून पडल्या. हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली. दोघींना ती दिसली. हेलिकॉप्टरमधल्या माणसांना मात्र त्या दोघी दिसल्या नाहीत. शेवटी त्याच शिखरावर आलेल्या फ्रेंच गिर्यारोहकांची मदत झाली आणि ६ ऑक्टोबरला हवाई दलानं त्यांना सुखरूप उचललं.

अशी बातमी आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो. चंद्रावर यान उतरवता येतं, मग डोंगरावरचा माणूस का सापडत नाही? प्रश्न त्राग्यानं विचारलेला असला तरी रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र हेलिकॉप्टरपासून सुरू होत नाही, डोळ्यांपासून सुरू होतं.

हात पूर्ण लांब करा आणि बोटाच्या टोकावर मोहरीचा दाणा ठेवा. अर्ध्या किलोमीटरवर उभा असलेला माणूस आपल्याला साधारण तेवढा दिसतो. आता तो दाणा खडक, बर्फ आणि सावल्यांनी भरलेल्या दोन किलोमीटर उंच भिंतीवर कुठेतरी चिकटलाय असं समजा. आपण बसलोय थरथरणाऱ्या यंत्रात, जे वाऱ्यामुळे कड्याच्या फार जवळ जाऊ शकत नाही. उन्हात बर्फ डोळे दिपवतो, सावलीत सगळं निळं-काळं दिसतं. माणूस हात हलवत असेल तर नशीब. तो अंगावर बर्फ घेऊन पडला असेल, तर दाण्याचाही अर्धाच भाग उरतो.

म्हणून अनुभवी शोधपथकं डोंगराकडे धावत सुटत नाहीत. आधी ती बसतात. बेसकॅम्पवरच्या तंबूत नकाशा पसरतात आणि माणसांना प्रश्न विचारायला लागतात. त्याला शेवटचं कुणी पाहिलं? किती वाजता? नक्की कुठे? चढत होता की उतरत होता? जॅकेटचा रंग कोणता, ऑक्सिजन किती उरला होता, हेडटॉर्चची बॅटरी नवी होती का, वॉकीटॉकीवर शेवटचा शब्द काय होता आणि आवाज कसा येत होता? तपासाचा हा भाग पोलीस पंचनाम्यासारखा रूक्ष असतो. पण पुढची सगळी दिशा इथेच ठरते, कारण शोध सुरू होतो तो शेवटच्या खात्रीच्या जागेपासून. ती जागा दोनशे मीटर चुकली, तर पुढची मेहनत चुकीच्या घळीत जाते.

साक्षीदार खोटं बोलत नसतो, तरी डोंगर त्याला फसवतो. ८ जून १९२४ रोजी दुपारी पाऊण वाजण्याच्या सुमाराला ब्रिटिश मोहिमेतल्या नोएल ओडेल यांना एव्हरेस्टच्या ईशान्य धारेवर ढग क्षणभर फाटून दोन काळे ठिपके वर सरकताना दिसले. ते माथ्याकडे निघालेले त्यांचे साथीदार जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन होते. नंतर ते दोघे कधीच कुणाला जिवंत दिसले नाहीत. पण ते ठिपके धारेवरच्या कोणत्या पायरीजवळ, म्हणजे उभ्या खडकाळ टप्प्याजवळ होते, यावर ओडेल स्वतःच पुढे डळमळले. त्या एका नजरेवरून माणसं शंभर वर्षं वाद घालत आहेत.

जागा ठरली की पुढचा प्रश्न: काय झालं असेल? इथे उंच शिखराचा एक गुणधर्म शोधणाऱ्यांच्या बाजूनं उभा राहतो. जंगलात हरवलेला माणूस भटकतो, गोल फिरतो, ओढा धरून भलतीकडे निघतो. सात-आठ हजार मीटरवर भटकायला ताकदच नसते. तिथला माणूस बहुतेक वेळा दोनच गोष्टी करतो: थांबतो किंवा खाली जातो. थांबला असेल तर वाटेवर किंवा वाटेच्या अगदी जवळ, एखाद्या आडोशाला. खाली गेला असेल, म्हणजे घसरला असेल, तर कुठे जायचं हे उतारानं ठरवलेलं असतं. वरून सोडलेला दगड ज्या वाटेनं घरंगळेल, जवळपास त्याच वाटेनं माणूस जातो आणि उतार जिथे सौम्य होतो तिथे थांबतो. त्यामुळे नकाशावर शेवटच्या जागेपासून खाली रेघा ओढल्या जातात, पाणी कसं वाहील ते दाखवावं तशा.

१९९९ मध्ये मॅलरींचा देह सापडला तो असाच. त्यामागची कड्या जुळवण्याची कथा मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते. १९३३ मध्ये धारेखाली साधारण ८,४६० मीटरवर एक हिमकुऱ्हाड सापडली. ती आयर्विनची होती असं बहुतेक मानतात. त्यावरून घसरण्याची सुरुवात कुठे झाली असावी याचा एक बिंदू मिळाला. १९७५ च्या चिनी मोहिमेतला वांग होंगबाओ हा गिर्यारोहक आपल्या वरच्या छावणीजवळ फिरायला गेला असताना त्याला एका जुन्या इंग्रज माणसाचा देह दिसला होता. हे त्यानं १९७९ मध्ये एका जपानी गिर्यारोहकाला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी हिमस्खलनात तो स्वतः गेला. म्हणजे हातात काय उरलं? ऐकीव माहिती, तीही खुणांच्या भाषेत सांगितलेली. पण 'छावणीजवळ' हा शब्द मोलाचा होता. जुन्या छायाचित्रावरून १९७५ ची ती छावणी नेमकी कुठे होती हे शोधून काढलं गेलं आणि शोधाचं क्षेत्र आवाक्यात आलं.

१ मे १९९९ रोजी मॅलरी-आयर्विनच्या शोधात आलेलं पथक त्या उतारावर पसरलं. पथकातल्या कॉनराड अँकरला आधी इतर मोहिमांमधले, वरून पडलेले देह दिसले. त्यावरून त्याच्या लक्षात आलं की धारेवरून घसरलेली माणसं उतारावर नेमकी कुठे येऊन साचतात. त्या अंदाजानं तो सरकत गेला आणि थोड्याच वेळात त्याला पांढरा, इतर बर्फापेक्षा वेगळा दिसणारा एक भाग दिसला. तो उघड्या पाठीचा भाग होता. उंची सुमारे ८,१५५ मीटर. सगळ्यांना वाटलं आयर्विन सापडला. मग कपड्यावरची नावाची पट्टी उलटून पाहिली, तर तिच्यावर मॅलरी लिहिलेलं. पाऊणशे वर्षांत अनेक मोहिमा त्या डोंगरावरून गेल्या होत्या. त्यांचे डोळे कमी नव्हते, फक्त कुठे पाहायचं ते माहीत नव्हतं.

आता थोडं गणित. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच्या पलीकडे जात नाही.

समजा, एक गिर्यारोहक बेपत्ता आहे. पथकानं तीन भाग पाडले: 'अ' म्हणजे धारेखालची घळ, 'ब' म्हणजे त्याखालचं हिमनदीचं पात्र, 'क' म्हणजे धारेची मागची बाजू. सगळ्यांशी बोलून अंदाज ठरला: तो 'अ' मध्ये असण्याची शक्यता ५० टक्के, 'ब' मध्ये ३०, 'क' मध्ये २०. साहजिकच हेलिकॉप्टर आधी 'अ' वरून फिरलं. काही दिसलं नाही. मग 'अ' वर काट मारायची का?

इथे वैमानिकाला विचारायचा प्रश्न 'दिसला का?' हा नसतो. प्रश्न असतो, 'असता तर दिसला असता का?' समजा तो प्रामाणिकपणे म्हणाला, की त्या उजेडात आणि त्या अंतरावरून दहातल्या सहा वेळा दिसला असता. म्हणजे 'अ' च्या ५० पैकी ३० संपले, २० अजून शिल्लक. 'ब' चे ३० तसेच, 'क' चे २० तसेच. एकूण उरले ७०. ते पुन्हा शंभरात बसवले, की 'अ' साधारण २९ टक्के, 'ब' ४३, 'क' २९. पहिल्या दिवशी ज्या मागच्या बाजूला जायला कुणी तयार नव्हतं, ती आता मुख्य घळीच्या बरोबरीला आली. आणि सकाळी पहिलं उड्डाण जायला हवं 'ब' वर.

आता वैमानिक फुशारकीनं म्हणाला असता, 'छे, आम्ही सगळी घळ बघितली, नव्याण्णव टक्के नाहीच,' तर 'अ' एक टक्क्यावर आली असती आणि तिथे पुन्हा कुणी गेलंच नसतं. माणूस कदाचित तिथेच पडलेला असता. शोधमोहिमांमध्ये अतिआत्मविश्वासाइतकं महाग दुसरं काही नसतं असं मला वाटतं, हवामानसुद्धा नाही.

या विचाराची मुळं डोंगरात नाहीत, समुद्रात आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी काम करणाऱ्या गणितज्ञांनी जर्मन पाणबुड्या हुडकण्यासाठी शोधाचं हे शास्त्र उभं केलं. १९६८ मध्ये अटलांटिकमध्ये बुडालेली 'स्कॉर्पियन' ही अमेरिकेची पाणबुडी अशाच शक्यतांच्या नकाशावरून सापडली. तेच तंत्र आज बर्फात वापरतात. फरक एवढाच, की पाणबुडीला थंडी वाजत नाही.

कागदावर ठिकाण ठरलं, पण तिथे पोचायचं कसं? समुद्रसपाटीच्या मानानं साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्म्यावर येतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर तो एक तृतीयांशच्या आसपास उरतो. हेलिकॉप्टरचं पातं हवेवर रेलून वजन उचलतं. हवाच विरळ, तर रेलायचं कशावर? इंजिनालाही प्राणवायू कमी मिळतो. त्यातून पुढे उडत जाण्यापेक्षा एका जागी हवेत तरंगत राहायला जास्त ताकद लागते, आणि माणूस शोधायचा, उचलायचा तर तरंगावंच लागतं. म्हणून उंचावर जाणारं हेलिकॉप्टर सोलून हलकं करतात. खुर्च्या काढतात, कधी दारंही काढतात, इंधन मोजून भरतात. इंधन कमी म्हणजे वर राहायचा वेळ कमी. म्हणजे पुन्हा तेच: घाईत टाकलेली नजर.

२००५ मध्ये दिदिए देल्साल या फ्रेंच वैमानिकानं एव्हरेस्टच्या माथ्यावर हेलिकॉप्टर टेकवलं होतं, हे खरं आहे. पण ती खास हलकी केलेल्या यंत्राची, निवडलेल्या दिवसाची कामगिरी होती. त्याच वर्षी नंगा पर्वतावर जे घडलं ते वास्तवाच्या जास्त जवळचं आहे. स्लोव्हेनियाचा तोमाझ हुमार रूपाल कड्यावर सहा हजार मीटरच्या आसपास बरेच दिवस अडकला होता. पाकिस्तानी लष्कराच्या वैमानिकांनी कड्याला जवळजवळ खेटून दोर खाली सोडला. हुमारनं तो अंगाला अडकवला, पण स्वतःला कड्याशी बांधून ठेवणारा दोर सुटायचा राहिला. हेलिकॉप्टरनं उचललं तेव्हा एका टोकाला यंत्र, दुसऱ्या टोकाला बर्फात रुतलेला खिळा आणि मध्ये माणूस. तो दोर ताणून तुटला म्हणून सगळेच वाचले.

माणसांची गोष्ट आणखी अवघड. मैदानातून उत्तम प्रशिक्षित पथक विमानानं आणून थेट सहा हजार मीटरवर सोडलं, तर काही तासांत त्यांचीच सुटका करायची वेळ येईल. शरीराला उंचीची सवय व्हायला आठवडे लागतात. त्याआधी फुप्फुसात पाणी साचू शकतं, मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून सुटकेला बहुतेक वेळा तेच जाऊ शकतात जे आधीपासून वर आहेत: शेर्पा, शेजारच्या मोहिमेतले गिर्यारोहक, सीमेवर तैनात जवान. जानेवारी २०१८ मध्ये नंगा पर्वतावर एलिझाबेथ रेव्होल अडकली होती. तिच्या मदतीला गेले ते हिवाळ्यात के-२ वर चढाई करत असलेल्या पोलिश मोहिमेतले गडी. हेलिकॉप्टरनं त्यांना नंगा पर्वताच्या पायथ्याशी सोडलं आणि अ‍ॅडम बिएलेत्स्की आणि डेनिस उरुब्को एका रात्रीत हजाराहून जास्त मीटर चढून सहा हजार मीटरच्या आसपास तिला भेटले. ती वाचली. तिचा साथीदार तोमेक मात्सकिएविच मात्र बराच वर होता. तिथे जायचं नाही, असं त्या दोघांनी ठरवलं. घरात उबेला बसून या निर्णयावर मत देणारे खूप निघाले. मी त्यांच्यात नाही.

मग यंत्रांचे डोळे? आहेत, आणि कधीकधी कमाल करतात. २०१८ मध्ये ब्रॉड पीकवर बेपत्ता धरलेला स्कॉटिश गिर्यारोहक रिक अ‍ॅलन सापडला तो शेजारी के-२ च्या तयारीत असलेल्या एका पोलिश माणसाच्या ड्रोनमुळे. ड्रोननं तो जिवंत असल्याचं दाखवलं आणि सुटकापथकाला त्याच्यापर्यंत पोचायची वाटही दाखवली. २०१९ मध्ये नंगा पर्वतावर दानिएले नार्दी आणि टॉम बॅलर्ड हरवले, तेव्हा भारत-पाकिस्तान तणावामुळे हवाई हद्द बंद झाली आणि हेलिकॉप्टरचे मोलाचे तास गेले. पुढे तिथे ड्रोनही उडवले गेले. पण ममरी कड्यावर सुमारे ५,९०० मीटरवर दोन आकृत्या आहेत हे शेवटी कळलं दुर्बिणीतून. एका जागी बसून, उजेड सरकेल तशी नजर सरकवत. जुनं हत्यार, पण 'असता तर दिसला असता का' या परीक्षेत अजून चांगले गुण मिळवतं.

उष्णता टिपणारा कॅमेरा ऐकायला रामबाण वाटतो. पण गिर्यारोहकाचा पिसांचा सूट असतोच मुळी अंगातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. सूट जितका चांगला, तितका माणूस कॅमेऱ्याला थंड दिसतो. वर उन्हानं तापलेले खडक माणसापेक्षा जास्त चमकतात. उपग्रहावरचं रडार ढगांतून पाहू शकतं, मात्र उभ्या कड्यांवर त्याची चित्रं विस्कटतात, कडा स्वतःवरच दुमडल्यासारखा दिसतो.

खरा बदल झालाय तो छायाचित्रं तपासण्यात. सप्टेंबर २०२४ मध्ये इटलीतल्या मोन्विसो शिखरावर एक अनुभवी गिर्यारोहक एकटा गेला आणि परतला नाही. कोणत्या वाटेनं जाणार हे त्यानं सांगितलेलं नव्हतं. थंडी आली, शोध थांबला. २०२५ च्या जुलैत, बर्फ वितळल्यावर, दोन ड्रोन पाठवून सुमारे १८३ हेक्टरच्या कड्यांची अडीच हजारांहून जास्त छायाचित्रं घेतली गेली. १८३ हेक्टर म्हणजे अठरा लाख तीस हजार चौरस मीटर. त्यात शोधायचा होता चौरस मीटरभर माणूस. ती छायाचित्रं माणसांनी डोळे फोडून तपासायला कित्येक आठवडे गेले असते. संगणकानं काही तासांत त्यातले 'इथलं रंगाचं काहीतरी खटकतंय' असे मोजके ठिपके काढून दिले. त्यातला एक लाल होता. ते त्याचं हेल्मेट होतं, उत्तरेकडच्या एका घळीत. कुठे उडायचं आणि कोणता ठिपका आधी बघायचा हे मात्र त्या डोंगरावर आयुष्य घालवलेल्या माणसांनीच ठरवलं होतं. आणि हेल्मेट राखाडी असतं तर? म्हणून बचावपथकातले लोक कपडे भडक घ्या म्हणून कानीकपाळी ओरडत असतात.

बर्फाखाली गाडला गेलेला माणूस हे वेगळंच प्रकरण. तिथे नजर निरुपयोगी. गिर्यारोहक आणि स्कीवाले छातीशी एक छोटं यंत्र बांधतात, जे ४५७ किलोहर्ट्झवर सतत ठोके पाठवत असतं. सोबती आपलं यंत्र 'शोध' वर टाकून त्या ठोक्यांच्या मागे जातो, मग लांब बारीक कांबी बर्फात खुपसत माणूस लागतो का पाहतो आणि फावड्यानं उकरतो. या सगळ्याला वेळ किती? स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आला तर बहुतेक वेळा वाचतो. त्यानंतर शक्यता कड्यासारखी कोसळते, कारण श्वास कोंडतो. दहा मिनिटांत कुठलंही हेलिकॉप्टर पोचत नाही. तिथे सोबतच्या माणसाकडे फावडं आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्याकडे यात एक आणखी गाठ आहे. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून निरोप पाठवणारी छोटी यंत्रं बाळगता येत नाहीत. सीमाभागाच्या सुरक्षेचं कारण समजू शकतं. पण ज्या एका यंत्रानं 'शेवटची खात्रीची जागा' काही मीटरच्या आत कळते, तेच डोंगरात जाणाऱ्याला सहजी मिळू नये, हे मला पटत नाही.

आणि मग तो दिवस येतो जेव्हा कुणीतरी 'आता थांबू' म्हणायचं असतं. हा निर्णयही गणितावरच घ्यायचा असतो: थंडी किती, वारा किती, त्याच्याकडे बर्फ वितळवायला इंधन होतं का, जखम असेल का, आणि एका बाजूला शोधणाऱ्यांचे जीव. पण हे गणित कधीकधी साफ तोंडावर आपटतं. १७ एप्रिल २०२३ रोजी भारताचा अनुराग मालू अन्नपूर्णेवरून उतरताना क्रेव्हासमध्ये, म्हणजे हिमनदीतल्या खोल भेगेत पडला. तीन दिवस गेले. शेर्पा आणि पोलिश गिर्यारोहक त्या भेगेत उतरले ते देह काढायच्या तयारीनंच. तर तो श्वास घेत होता! भेगेच्या तळाशी वारा पोचत नाही, म्हणून बाहेरच्यापेक्षा तिथली थंडी कमी जीवघेणी असते. शरीर गार पडलं की मेंदूची प्राणवायूची गरजही घटते. म्हणूनच डॉक्टरांमध्ये एक दंडक आहे: गारठलेल्या माणसाला ऊब देऊन पाहिल्याशिवाय मृत म्हणायचं नाही. मालूच्या छातीवर अनेक तास दाब देत राहावं लागलं, पण तो जगला.

दुसऱ्या टोकाला २०२१ चा के-२. ५ फेब्रुवारीला मुहम्मद अली सदपारा, जॉन स्नोरी आणि हुआन पाब्लो मोर माथ्याकडे निघाले. अलीचा मुलगा साजिद ऑक्सिजनच्या उपकरणातल्या बिघाडामुळे 'बॉटलनेक' नावाच्या अरुंद घळीतून मागे फिरला. तोच शेवटचा साक्षीदार. लष्करी हेलिकॉप्टरं उडाली, उष्णता टिपणारं विमान फिरलं, उपग्रहांच्या रडारनं चित्रं घेतली. काही मिळालं नाही आणि १८ फेब्रुवारीला तिघांना मृत घोषित केलं गेलं. जुलैत वाट पुन्हा उघडली तेव्हा तिघेही तिथेच, बॉटलनेकच्या परिसरात, चढाईच्या वाटेवर सापडले. सर्वांत साधा अंदाज बरोबर होता. फेब्रुवारीत तिथवर पाय पोचू शकत नव्हते आणि यंत्रांच्या 'काही दिसत नाही' ला फारसा अर्थ नव्हता. साजिद पुन्हा वर गेला होता. वडिलांचा देह त्यानं वरच्या छावणीजवळ बर्फात दफन केला.

सापडणं आणि खाली आणणं यातही अंतर असतं. २०१९ मध्ये नंदादेवी पूर्वच्या परिसरात हिमस्खलनात आठ जण गेले. ३ जूनला हेलिकॉप्टरमधून देह दिसले, पण भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या पथकाला सात देहांपर्यंत पोचायला २३ जून उजाडला. आठवा मिळालाच नाही.

जे माणसांना मिळत नाही ते कधीकधी हिमनदी आणून देते. हिमनदी म्हणजे फार सावकाश वाहणारं पात्र. वर पडलेली वस्तू आत गाडली जाते, दशकानुदशकं वाहते आणि खाली बर्फ वितळतो तिथे उघडी पडते. १८२० मध्ये माँ ब्लाँवर तीन वाटाडे भेगेत गडप झाले. हिमनदीचा वेग मोजणाऱ्या जेम्स फोर्ब्ज या स्कॉटिश शास्त्रज्ञानं सांगितलं होतं, साधारण चाळीस वर्षांनी ते खाली येतील. १८६१ मध्ये अवशेष आले.

हे पात्र साक्षही देतं. १९७० मध्ये राइनहोल्ड मेसनर आणि त्याचा भाऊ ग्युंथर नंगा पर्वताच्या माथ्यावर पोचले आणि एकटा राइनहोल्डच परतला. भाऊ दियामीर बाजूला उतरताना हिमस्खलनात गेला, असं तो सांगत राहिला. काही साथीदारांचा आरोप होता, की त्यानं आजारी भावाला वरच सोडलं. २००५ मध्ये ग्युंथरचे अवशेष मिळाले ते दियामीर बाजूच्या हिमनदीवर. पलीकडच्या रूपाल बाजूला पडलेला माणूस या पात्रात येऊच शकत नाही. पस्तीस वर्षांच्या वादात सर्वांत वजनदार पुरावा ठरला तो 'कुठे' हा.

आणि आयर्विन? सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकन गिर्यारोहक आणि छायाचित्रकार जिमी चिनचं पथक एव्हरेस्टच्या उत्तर भिंतीखाली, मध्य रोंगबुक हिमनदीवर होतं. आधी त्यांना १९३३ च्या मोहिमेतला ऑक्सिजनचा सिलिंडर दिसला. वरच्या धारेवरून पडलेला सिलिंडर एवढ्या वर्षांत इथवर आला असेल, तर त्याच धारेवरून नऊ वर्षं आधी पडलेला माणूसही फार लांब नसावा, असा हिशोब करून ते पुढचे दिवस बर्फावर नागमोडी फिरत राहिले. मग वितळत्या बर्फातून एक बूट वर आलेला दिसला. आत पाय होता, पायावर लोकरी मोजा आणि मोज्यावर शिवलेली नावाची पट्टी: ए. सी. आयर्विन. बाकीचा देह आणि त्याच्याजवळ असावा असं मानलं जाणारा छोटा कोडॅक कॅमेरा अजून मिळालेला नाही. पाय नेमका कुठे मिळाला, हे चिननं जाहीर केलेलं नाही. हौशी मंडळी आठवण म्हणून काही उचलून न्यायला तिथे पोचतील, अशी त्याला धास्ती आहे.